पिसं पचवणाऱ्या जिवाणूची कुळकथा

दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गालगत कुरकुंभची एमआयडीसी आहे. तिथे औषधांचे नि रसायनांचे कारखाने आहेत आणि दौंड-शिरूरच्या शिवारांत पोल्ट्रीच्या लांबलचक शेड. एकीकडे सांडपाणी, दुसरीकडे पिसं. या दोन्ही कचऱ्यांवर काम करू शकणारे जिवाणू आहेत, आणि त्यांची कुळकथा या भागातल्या लोकांना माहीत असायलाच हवी.

कोंबडीच्या वजनात पिसांचा वाटा साधारण 5 ते 7 टक्के असतो. म्हणजे चिकन सेंटरवर दोन किलोचा पक्षी सोलला की शंभर ते एकशे चाळीस ग्रॅम पिसं मागे उरतात. पिसात जवळपास 90 टक्के केराटिन असतं. हे प्रथिनच, पण त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. आपल्या पोटातल्या पाचकरसांची तिथे डाळ शिजत नाही. म्हणूनच उकिरड्यावर बाकी सगळं कुजून गेलं तरी पीस तसंच राहतं.

मग निसर्गात ते संपतं कसं? 1959 साली अमेरिकेतल्या नोव्हल आणि निकर्सन या संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिस फ्रेडिए हा मातीतला सूक्ष्मजीव केराटिनचं विघटन करतो, हे दाखवून दिलं. निओमायसिन हे प्रतिजैविक ज्याच्यापासून मिळालं, तोच हा जीव. गोष्टीला खरं वळण मिळालं ते नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात. जेसन शी यांच्या गटाकडे कोंबड्यांच्या विष्ठेवर चालणारं बायोगॅसचं संयंत्र होतं. विष्ठेबरोबर आत गेलेली पिसंही तिथे नाहीशी होत होती. त्या गाळातून त्यांनी बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हा जिवाणू वेगळा केला आणि 1990 मध्ये तो शोध प्रसिद्ध केला. त्याचं नाव पीडब्ल्यूडी-1, म्हणजे ‘पोल्ट्री वेस्ट डायजेस्टर’ची आद्याक्षरं. तो ज्या विकरानं पीस फोडतो, ते केराटिनेज.

असा जिवाणू शोधायची पद्धत साधी आहे. पिसं टाकतात त्या जागची चिमूटभर माती चंबूत घालायची आणि खायला फक्त पिसं द्यायची. ज्याला पीस पचतं तोच तगतो. आधी बारीक तंतू गळतात, पाणी गढूळ होतं आणि मधला दांडा सर्वांत शेवटी विरघळतो.

प्रथिनं फोडणाऱ्या विकरांच्या अभ्यासात पुण्याचंही नाव आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या माला राव, वासंती देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये लिहिलेला सूक्ष्मजैविक प्रोटिएजचा आढावा आजही या विषयात हाताशी ठेवावा असा आहे.

सांडपाण्यातल्या धातूंवर काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांची शाखा निराळी. 1977 मध्ये सोव्हिएत संशोधक रोमानेंको आणि कोरेन्कोव्ह यांनी क्रोमेटवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारावर, श्वसन करणारा जिवाणू नोंदवला. पुढे पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत, पुराणिक आणि पाकणीकर यांनी वाया जाणाऱ्या सूक्ष्मजैविक जैवभारावर शिसं आणि जस्त पकडून दाखवलं. तो निबंध 1997 चा.

या दोन शाखा एकत्र येतात त्या गंधकापाशी. पीस फुटताना अमिनो आम्लं सुटतात, ती जिवाणूंचं खाद्य होतात. गंधकाचे मोकळे झालेले गटही विषारी षट्-संयोजी क्रोमियमला त्रि-संयोजी रूपात आणायला मदत करतात. डायफिनाइलकार्बाझाइड हे षट्-संयोजी क्रोमियम दाखवणारं रसायन टाकून पाण्याचा नमुना तपासला, की सुरुवातीचा गडद जांभळा रंग पुढच्या नमुन्यांत फिका होत जातो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जिवाणू पीस संपवतो, धातू संपवत नाही. क्रोमियमचं रूप बदलतं, तो गाळात बसतो, पण असतो तिथेच. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात षट्-संयोजी क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. पाणी त्या मर्यादेत आलं तरी गाळाची जबाबदारी टळत नाही. त्यामुळे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत आधी तिथल्या पाण्यात कोणते धातू आहेत ते मोजायचं, मगच जिवाणू निवडायचा. पिसांचे ढीगही पहिल्याच दिवशी वेगळे काढावे लागतात. खतासाठी किंवा कोंबडीखाद्यासाठी पचवायची पिसं धातूच्या पाण्याच्या वाऱ्यालाही उभी करायची नाहीत. धातू धरलेला गाळ शेतात टाकता येत नाही. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे, तो तशाच ठिकाणी गेला पाहिजे.