बालक, कुटुंब आणि समुदाय : महाराष्ट्रातील बालमानसिक आरोग्यसेवांच्या समन्वयाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील दिघाशी व आसपासच्या गावांतील बालकाचा विचार केला, तर त्याच्याशी संबंधित शासकीय यंत्रणांची संख्या कमी नाही, असे दिसून येते. अंगणवाडीत त्याचे वजन होते, शाळेत हजेरी लागते, आरोग्य पथक त्याची तपासणी करते, संकटात सापडल्यास बाल कल्याण समिती त्याचा विचार करते. मात्र तेच बालक एकाएकी बोलेनासे झाले, शाळेस जाण्यास घाबरू लागले अथवा घरातील व्यसन व मारहाणीमुळे खचले, तर त्याची, त्याच्या घराची व शाळेची एकत्रित दखल कोणी घ्यावयाची, याचे उत्तर सहज मिळत नाही. हा प्रश्न आजचा वाटला तरी त्यास दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत लेखात संस्था, कायदे व शासकीय कार्यक्रम यांच्या आधारे तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका : रुग्णालय आणि सुधारगृह

ब्रिटिश काळात मनोरुग्णांसाठी वेड्यांचे इस्पितळ आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी सुधारगृह अशा दोन स्वतंत्र व्यवस्था निर्माण झाल्या. ठाणे येथील मनोरुग्णालय १९०१ मधील आहे. त्यानंतर १९१२ चा भारतीय वेडेपणाविषयक कायदा आला. दुसरीकडे, मुंबईत डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ मध्ये सुरू झाली, १९२४ मध्ये मुंबई बालक अधिनियम संमत झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. या दोन्ही व्यवस्थांचे हेतू भिन्न होते. परंतु व्यक्तीला घरापासून दूर नेऊन चार भिंतींच्या आत ठेवणे, हे त्यांतील समान सूत्र होते. बालकाच्या वागण्याचे मूळ त्याच्या कुटुंबात व परिसरात शोधावे, ही दृष्टी अद्याप रुजलेली नव्हती.

१९३७ : एका नव्या दृष्टीचा आरंभ

ही दृष्टी प्रथम मुंबईत संस्थारूप झाली. अमेरिकन समाजसेवक क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. ते भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते.

बालमार्गदर्शनाची चळवळ अमेरिकेत विल्यम हिली यांनी १९०९ मध्ये शिकागो येथे आरंभिली होती. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एका बालकाचा विचार करावा, ही तिची कार्यपद्धती होय. यातील समाजकार्यकर्त्याचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. बालकाच्या घरी जाणे, पालकांशी व शिक्षकांशी बोलणे, मिळालेली माहिती इतर दोघांपर्यंत पोहोचविणे आणि उपचाराचा मार्ग घरी उमजेल अशा भाषेत समजावून सांगणे, हे त्याचे काम. आज ज्यास आपण समन्वय म्हणतो, तो या पद्धतीत एका प्रत्यक्ष व्यक्तीकडे सोपविलेला होता.

बोर्डी–कोसबाड : अंगणापर्यंतची वाट

याच सुमारास तत्कालीन ठाणे जिल्ह्यात वेगळ्या मार्गाने तोच विचार आकार घेत होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. त्यात अनुताई वाघ यांची मोलाची साथ होती. आदिवासी मुले धाकट्या भावंडांना सांभाळत, गुरे राखत. त्यामुळे ती शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात व कुरणात नेण्यात आली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या संकल्पना यातूनच साकारल्या. हे कार्य मानसोपचाराचे नव्हते. परंतु बालकाला कुटुंबापासून तोडून सेवा देता येत नाही, हे सत्य त्याने ग्रामीण भूमीवर सिद्ध केले. १९७५ मध्ये एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

१९८२ नंतरचे दोन प्रवाह

१९८२ हे वर्ष तुलनेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. प्राथमिक आरोग्यसेवेतूनच मानसोपचार उपलब्ध करून देणे, हे त्याचे ध्येय होते. त्याच वर्षी अमेरिकेत जेन निट्झर यांनी आपल्या अभ्यासातून दाखवून दिले, की गंभीर भावनिक अडचणी असलेली मुले आरोग्य, शिक्षण, बालकल्याण व न्याय अशा विविध खात्यांत विखुरली जातात व त्यांचे उत्तरदायित्व कोणीच घेत नाही. परिणामी १९८४ पासून तेथे या खात्यांना जोडणारे शासकीय प्रयत्न सुरू झाले. भारतीय कार्यक्रमाचा भर सेवेच्या विस्तारावर होता, अमेरिकेतील प्रयत्नांचा भर सेवांच्या जोडणीवर. आपल्याकडे १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, तरी जोडणीचा प्रश्न बहुतांशी स्वयंसेवी संस्थांकडेच राहिला.

डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. टाटा संस्थेच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये मुंबईत १०९८ ही मुलांसाठीची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. २०२३ पासून तिची सूत्रे शासकीय यंत्रणेकडे आली. १९९६ मध्येच गोव्यात बालविकास व कुटुंब मार्गदर्शनाच्या हेतूने 'संगाथ' ही संस्था उभी राहिली. या संस्थेच्या पुढील काळातील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून, शासकीय आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपयुक्त सेवा देऊ शकतात, हे दिसून आले. ते संशोधन प्रौढांमधील नैराश्य व चिंता यांसंबंधी होते. तथापि ग्रामीण भागातील मनुष्यबळाच्या प्रश्नास त्याने दिशा दिली.

कायदे, योजना आणि नोंदवह्या

एकविसाव्या शतकात तरतुदींची वाढ झाली. २००० च्या बाल न्याय अधिनियमाने बाल कल्याण समित्या निर्माण केल्या. २०१५ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या तपासणीत विकासातील विलंबाचा समावेश केला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने बालमानसिक आरोग्यसेवा ही शासनाची जबाबदारी ठरविली. अल्पवयीनास केवळ अपवादात्मक परिस्थितीत दाखल करावे, त्यास प्रौढांपासून वेगळे ठेवावे व त्याच्यासोबत निकटची व्यक्ती असावी, असे हा कायदा सांगतो. १९१२ च्या कायद्याशी तुलना करता हे अंतर मोठे आहे. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शिक्षकांवर भावनिक स्वास्थ्याची जबाबदारी आली.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

प्रत्येक कायद्याने व योजनेने स्वतःची नोंदवही आणली; १९३७ च्या पद्धतीतील तिसरी व्यक्ती मात्र गावपातळीवर पद म्हणून आली नाही. भिवंडी तालुक्यात वीटभट्टीच्या हंगामात कातकरी व इतर श्रमिक कुटुंबे स्थलांतर करतात. बालक भट्टीवर गेले की शाळेची नोंद तुटते, अंगणवाडी बदलते आणि सुरू झालेला औषधोपचार अर्ध्यावर राहतो. यात दोष कोणा एका कर्मचाऱ्याचा नसून रचनेचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते, की बालकाचा विचार कुटुंब व समुदायासह करावा, ही कल्पना महाराष्ट्रास परकी अथवा नवी नाही. मुंबईने तिला शास्त्रीय पद्धत दिली, कोसबाडने अंगणाची वाट दाखविली. या दोहोंची सांगड घालणे शेष आहे. त्यासाठी आशा व अंगणवाडी सेविकांवर आणखी एक नोंदवही लादणे उचित नव्हे. काही गावांसाठी मिळून एक प्रशिक्षित, मानधन मिळणारी स्थानिक व्यक्ती नेमावी; घर, शाळा, आरोग्य केंद्र व बाल कल्याण समिती यांच्यातील दुवा म्हणून तिने काम करावे आणि स्थलांतरित कुटुंबाचा पाठपुरावा भट्टीपर्यंत करावा. लहान गावात गोष्ट लपत नाही व 'वेडा' हा शिक्का मुलाला आयुष्यभर चिकटतो; म्हणून पालकांची संमती आणि गोपनीयता या दोन अटी आरंभापासून पाळाव्या लागतील. ग्रामीण महाविद्यालयांतील समाजकार्य, मानसशास्त्र व इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील सेवांची एकत्रित नोंद केल्यास या कार्यास आधार मिळेल. दिघाशीसारख्या गावातील बालकाच्या बाबतीत उपचार कोण करील, या प्रश्नाआधी त्याच्या घरापर्यंत कोण जाईल, हा प्रश्न सुटला पाहिजे.