चिलापीचा विषाणुरोग

चिलापी (तिलापिया) हा मूळचा आफ्रिकी मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. तो काटक व रोगास सहसा बळी न पडणारा, अशी त्याची ख्याती होती. धाराशिवलगतच्या सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात तो इतका फैलावला की, देशी मासे मागे सारूनही तोच मच्छीमारांचा आधार ठरला. इझ्राएलमध्ये मात्र २००९ पासून गॅलिली सरोवरातील व तळ्यांत पाळलेले चिलापी मोठ्या संख्येने मरू लागले. त्यामागील नवा विषाणू २०१४ मध्ये ओळखला गेला. भारतात त्याची नोंद २०१८ मध्ये पश्चिम बंगाल व केरळ येथील संवर्धित नाईल चिलापीत झाली. डोळे धुरकट होणे व त्वचेवर व्रण पडणे ही त्याची लक्षणे होत. त्यावर औषध नाही. तपासलेले बीज वापरणे व नवे मासे काही काळ वेगळे ठेवणे, एवढेच उपाय. विस्तीर्ण खुल्या जलाशयांत तेही दुष्कर.