क्रॅनमियरची पेटी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे जे विस्तीर्ण ग्रॅनाइटी पठार पसरले आहे, त्याच्या उत्तर भागातील क्रॅनमियर हे स्थळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतके दुर्गम होते की, चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने १८५४ साली तेथे दगडांची रास रचून तीत एक बाटली ठेवली, आणि जो तेथवर पोहोचेल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी असा प्रघात पाडला, तेव्हा ती चिठ्ठी टाकणे हाच एक पराक्रम ठरला. ज्या तळ्यावरून स्थळाला नाव पडले ते तळे केव्हाच आटलेले. सभोवार दलदल, धुके आणि पाणथळ गवताचे उंचवटे!

तथापि हा मुलूख निर्मनुष्य कधीच नव्हता. कांस्ययुगीन लोकांनी येथे शिळांच्या रांगा आणि गोलाकार घरांचे पाये मागे ठेवले. मध्ययुगात कथिलाचा धंदा भरभराटला, आणि चॅगफर्ड, ॲशबर्टन, टॅव्हिस्टॉक व प्लिम्प्टन या कसब्यांत कथील तोलून, पारखून, त्यावरील जकात वसूल होई. कथील काढणाऱ्यांना स्वतःचे कायदे होते, आणि ते ठरविणारी त्यांची सभा क्रॉकर्न टॉर या उघड्या खडकाळ टेकडीवर भरत असे. त्यांनी खणलेल्या घळी आज हिरवळीने झाकल्या आहेत, आणि कस्तुराच्या कुळातील, छातीवर शुभ्र चंद्रकोर मिरविणारा रिंग ऊझल हा दुर्मिळ होत चाललेला पक्षी अशाच घळींच्या व कड्यांच्या आश्रयाने घरटे करतो. धंदा बुडाला, पण त्याच्या जखमांत पाखरांना आसरा मिळाला, ही गोष्ट मला कोणत्याही शिलालेखाहून अधिक बोलकी वाटते.

पेरटच्या बाटलीची पुढे पेटी झाली. १९०५ साली क्रॅनमियरला नोंदवही आली, १९३७ साली वेस्टर्न मॉर्निंग न्यूज या वृत्तपत्राच्या पुढाकाराने पक्की पेटी उभी राहिली, आणि १९३८ साली दक्षिणेकडील डक्स पूल येथे, डार्टमूरचा वाटादर्शक ग्रंथ १९०९ मध्ये सिद्ध करणारा विल्यम क्रॉसिंग याच्या स्मरणार्थ आणखी एक पेटी बसविण्यात आली. येणाऱ्याने आपले पत्र पेटीत ठेवावे आणि त्यामागून येणाऱ्या अनोळखी पांथस्थाने ते नेऊन टपालात टाकावे, ही जी वहिवाट पडली, तिच्या मुळाशी लेखी करार नव्हता, जामीन नव्हता. केवळ विश्वास होता. पत्रांच्या जागी पुढे रबरी शिक्के आले, पेट्या हजारोंनी वाढल्या.

मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने स्थान दाखविणाऱ्या उपग्रहांच्या नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची उणीव दूर केली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर याने ओरेगॉनमधील एका रानात वस्तूंनी भरलेली बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून निघालेले जिओकॅशिंग आज जगभर खेळले जाते. त्याला मी पेरटच्या प्रघाताचा वारस मानतो, उपरा नव्हे. कारण स्थान कळले तरी ते धुंडाळण्याचे, नोंद करण्याचे आणि वस्तू जशीच्या तशी पुढच्यासाठी ठेवण्याचे कर्तव्य तेच राहते.

डार्टमूरवर त्या कर्तव्याला नियमांचे रूप आले आहे: प्राचीन अवशेषांत पेटी लपवू नये, ती बसविण्यास सिमेंट वापरू नये, आणि डनलिन, चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात म्हणून १ मार्च ते ३१ जुलैपर्यंत कुत्रा दोरीने बांधूनच न्यावा.