बर्फावरचे दहा दात

गुळगुळीत बर्फावर माणूस पडतो तो बहुतेक वेळा टाचेमुळे. नेहमीच्या चालीत टाच पुढे टेकते, जोर तिरका लागतो आणि त्याला अडवण्याइतकं घर्षण बर्फाकडे नसतं. मग एक तर आखूड पावलं टाकत पाय अंगाखालीच सपाट ठेवायचा, नाहीतर बर्फात काहीतरी रुतवायचं.

आल्प्समधले मेंढपाळ आणि शिकारी जुन्या काळापासून तळव्याखाली लोखंडी दात बांधायचे. पण बहुधा चारच, तेही पावलाच्या मध्यावर. चढ लागला की पंजा मोकळाच. म्हणून एकोणिसाव्या शतकातले गिर्यारोहक खिळे ठोकलेले बूट घालायचे आणि गाईड पुढे राहून कुऱ्हाडीने बर्फात एकेक पायरी खोदायचा. तासन्‌तास. साहेब मागून त्या जिन्यावरून वर.

ऑस्कर एकेनस्टाईनने हा जिनाच नको केला. हा इंग्रज गडी रेल्वेतला इंजिनिअर (आमच्या जातीचा, म्हणून जरा जास्त लाडका). १९०८च्या सुमारास त्याने पूर्ण तळवा व्यापणारे दहा दातांचे क्रॅम्पॉन आखले. इटलीतल्या कूरमायूर गावच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने ते घडवले. हिशेब सोपा आहे. सगळं वजन दहा बारीक टोकांवर आलं की दाब इतका वाढतो की टोकं बर्फात घुसतात. मात्र उतार कितीही असो, पाऊल त्याला समांतर ठेवून सगळे दात एकदम रोवायचे. घोट्याची वाट लागते. हिमालयात बेसिक कोर्स केलेल्या कुणालाही विचारा.

इंग्लंडमधल्या जुन्या गिर्यारोहकांनी नाकं मुरडली. ही लबाडी आहे, खेळ नाही, असा सूर होता. मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. खिळ्यांचे बूट चालतात, कुऱ्हाड चालते, दुसऱ्याने घाम गाळून खोदलेली पायरी चालते, आणि दहा दात तेवढे लबाडी?

१९२९मध्ये हेन्रीचा मुलगा लॉरां ग्रिव्हेलने पुढच्या बाजूला आणखी दोन दात काढले. आता उभ्या बर्फावर बुटाचं टोक मारून सरळ वर जाता येऊ लागलं.

फरक दिसला जुलै १९३८मध्ये, आयगरच्या उत्तर भिंतीवर. तोवर त्या भिंतीने अनेकांचे जीव घेतले होते आणि वर कुणीच पोचलं नव्हतं. फ्रिट्झ कास्पारेककडे दहा दातांचे क्रॅम्पॉन होते. त्याचा जोडीदार हाइनरिख हारर याच्याकडे क्रॅम्पॉनच नव्हते, नुसते खिळ्यांचे बूट. बर्फाच्या मोठ्या पट्ट्यात दोघं तासन्‌तास पायऱ्या खोदत राहिले. तिथेच मागून बारा दातवाले हेकमायर आणि फ्योर्ग आले. त्यांनी बराच वेळ आधी वाचवला होता, आणि आता आयता जिनाही मिळाला.

पुढे चौघांनी एकच दोर बांधला. आघाडीला हेकमायर, शेवटी हारर. २४ जुलैला चौघेही माथ्यावर पोचले.