वाळूवरच्या फोटोची कुळकथा

सप्टेंबर १८४१मध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे पूर्ण झाली. त्याच नोव्हेंबरात ब्रायटनच्या समुद्रासमोरच्या मरीन परेडवर विल्यम कॉन्स्टेबल यांनी फोटो स्टुडिओ उघडला. पुढच्या मार्चमध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट तिथे फोटोसाठी बसले. मात्र रेल्वेने येणाऱ्या सगळ्यांनाच ही हौस परवडणारी नव्हती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची ही डॅगेरोटाइप चित्रं महाग असत, शिवाय इंग्लंडात त्यांच्यावर पेटंट होतं. परवान्याचे पैसे मोजल्याशिवाय धंदा करता येत नसे.

ही कोंडी फुटली ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकारामुळे. काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर देऊन फोटो घेण्याची कृती त्यांनी १८५१मध्ये छापून जाहीर केली. पेटंट घेतलं नाही. पुढे याच काचेवरच्या फिक्या निगेटिव्हमागे काळा रंग किंवा काळं कापड लावून पॉझिटिव्ह चित्र दाखवण्याची स्वस्त पद्धत रूढ झाली. वेगळा कागद नको, छपाई नको.

एक अडचण होती. काच ओली असतानाच फोटो घेऊन तो धुवावा लागे. म्हणून छायाचित्रकाराला अंधारखोली सोबतच न्यावी लागे. ती तंबूत किंवा हातगाडीवर थाटली जाई. किनाऱ्यावर हीच अडचण धंद्याच्या पथ्यावर पडली. सगळं काम जागच्या जागी उरकत असल्यामुळे संध्याकाळची गाडी पकडणाऱ्या गिऱ्हाइकाला काही मिनिटांत फोटो हातात मिळे. पुढे काचेऐवजी काळं रोगण दिलेला पातळ लोखंडी पत्रा आला. तो फुटण्याची भीती नव्हती. खिशात घालून घरी नेता येई. १८७१च्या कायद्याने ऑगस्टमधला एक सोमवार बँकांच्या सुट्टीचा ठरला आणि किनाऱ्यांवरची गर्दी आणखी वाढली.

या पत्र्यावरच्या फोटोंत चित्र आरशासारखं उलटं येई, आणि प्रत एकच असे. पण ठेवणीतले कपडे घालून वाळूवर ओळीने बसलेली साधी कुटुंबं त्यांत दिसतात. त्याआधी आपली छबी काढून घेणं ही मुख्यतः पैसेवाल्यांची मिरास होती. आर्चर १८५७मध्ये गेले तेव्हा त्यांच्या कुटुंबाच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. सामान्य माणसाच्या चेहऱ्याला फोटोत जागा मिळाली, यात रेल्वेइतकाच वाटा आपला शोध सगळ्यांसाठी मोकळा ठेवणाऱ्या या माणसाचा आहे.