हैबतबाबांची पायरी



आळंदीला आपण किती वेळा गेला असाल! महाद्वारातून आत शिरताना पायरीला हात लावायचा आणि तो हात कपाळी लावायचा, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की पायरी कोणाची हा विचार मनात येतही नाही. ती हैबतबाबांची. कार्तिक वद्य अष्टमीला तिचे पूजन होते आणि मगच माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो. एवढा मान ज्यांना मिळाला ते बाबा आळंदीला आले तेव्हा कीर्तनकार नव्हते, कुठल्या फडाचे अधिकारी नव्हते. चाकरी आटोपून घराकडे निघालेले ते एक शिपाईगडी होते. आपल्या आजच्या बोलीत सांगायचे तर रिटायर झालेले.

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. उमेदीची वर्षे सगळी तिकडे, घोड्याच्या पाठीवर गेली. मग मिळकत बरोबर घेऊन ते गावाकडे निघाले आणि सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना गाठले. जवळचे होते नव्हते ते गेले, आणि त्यांना एका गुहेत कोंडून ठेवले. तिथे त्यांनी माउलींचा धावा केला, हरिपाठ सोडला नाही, आणि काही दिवसांनी लुटारूंच्या नायकाचे मन पालटून त्याने त्यांना मोकळे केले, असे परंपरेत सांगतात. कीर्तनातून ही कथा आपण ऐकली आहे, आणि ऐकताना आपले लक्ष गुहेच्या दाराकडे लागलेले असते. दार उघडले की कथा संपली असे आपल्याला वाटते.

माझे लक्ष मात्र त्यानंतरच्या गोष्टीकडे जाते. सुटलेला माणूस घरी गेला नाही. उत्तरेकडून येताना आळंदी आधी लागते, आरफळ तिथून पुढे काही मजलांवर. घर होते, गणगोत होते, वतनाचा मान होता. जन्मभर बाहेर राहिलेल्या माणसाने आता ओसरीवर बसून नातवंडांना लढायांच्या गोष्टी सांगाव्यात, याला कोणी नावे ठेवली नसती. पण हैबतबाबा अलीकडेच थांबले.

वाचकहो, इथे थोडे माझे सांगतो. मी चौतीस वर्षे कचेरीत कारकुनी केली. निवृत्त झालो त्या वर्षी एकच वर्तमानपत्र दिवसातून दोनदा वाचत असे. डबा नाही, बस नाही, कोणी वाट पाहत नाही. पहिले काही महिने बरे वाटले. पुढे पुढे आपल्याला काही येत होते याचाच विसर पडू लागला. शेवटी सून म्हणाली, "आबा, देवळात तरी जाऊन या जरा." म्हणून मी हैबतबाबांची हकीकत वाचतो ती इतिहास म्हणून, आणि थोडी आपली म्हणूनही.

बाबा आले तेव्हा वारीची स्थिती काय होती? वारी तर माउलींच्याही आधीपासूनची. पालखीची रीत घातली तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी, 1685 साली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि दोन्ही मिळून पंढरीला न्यायच्या, असा तो क्रम. पुढे वंशजांत वाटेहिश्शांचे वाद उभे राहिले. (वाद कोणत्या घरात नसतात?) त्यानंतर 1832 च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा आळंदीहून स्वतंत्रपणे काढला.

तो त्यांनी कसा काढला ते पाहा, कारण चाकरीत शिकलेले काहीच त्यांनी फेकून दिले नाही. फौज कशी चालते, तळ कसा पडतो, हजार माणसे एका इशाऱ्यावर कशी उठतात, हे त्यांना ठाऊक होते. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. आजही माउलींचे अश्व अंकलीहून मजल दरमजल चालत आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथे माउली बसलेली. चोपदार, कर्णा, तळ, ठरलेला कूच, कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे याचा क्रम. नीट पाहिले तर ही सगळी लष्कराची व्यवस्था आहे, फक्त भाल्याच्या जागी पताका आली.

पण नुसत्या शिस्तीने दिंडी होत नाही. सकाळी कोणते अभंग, दुपारी कोणते, गौळणी कधी, हरिपाठ कधी, ही भजनाची मालिका लावायची तर त्यातले जाणते लागतात. वासकर, शेडगे अशा मंडळींची नावे या कामी परंपरेत आदराने घेतली जातात. आता मनात चित्र आणा. ज्याच्या हुकुमावर स्वार दौडत, तो उतारवयाचा सरदार टाळकऱ्यांत बसून चाल धरतो आहे, चुकतो आहे, पुन्हा धरतो आहे. हे कुठे लिहिलेले नाही, माझी कल्पना आहे. पण दुसरे कसे झाले असेल? मला स्वतःला साठीत टाळ शिकताना पहिल्या वारीत दिवे घाट चढेपर्यंत ठेका सापडला नव्हता. शेजारच्या बारा-तेरा वर्षांच्या पोराने माझ्या मनगटाला धरून तो लावून दिला. कचेरीत माझ्या टिपणीत कोणी चूक काढली तर मला दोन दिवस झोप येत नसे. त्या दिवशी मी त्या पोराच्या पाया पडलो आणि तोही माझ्या पडला.

संध्याकाळची समाजआरती तुम्ही पाहिली असेलच. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा समुदाय क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि त्यानंतर आरती. मला या सगळ्या रचनेत एका जाणत्या, जुन्या शिपायाचा हात दिसतो. तक्रार दाबायची नाही, पण तिला वेळ आणि जागा ठरवून द्यायची.

एका वर्षी माझी चष्म्याची डबी त्या पुकाऱ्यात सापडली. आणून देणारे गृहस्थ परभणीकडचे, निवृत्त शिक्षक. आमचे बोलणे तिथून सुरू झाले. आज अकरा वर्षे ज्येष्ठ लागला की त्यांचा फोन येतो, "माउली, टाळाची दोरी बदललीत का?" नोकरीतल्या चौतीस वर्षांत मला असा फोन कोणी केला नव्हता.

पालखी सातारा जिल्ह्यातून जाते ती लोणंद, तरडगाव, फलटणच्या वाटेने. आरफळ त्या वाटेवर नाही. सोहळ्यातला मान मात्र आजही आरफळकर घराण्याकडे आहे. बाबांनी देह आळंदीतच ठेवला, आणि माउलींच्या दारातली पायरी ही त्यांची कायमची जागा झाली. येत्या कार्तिकी वारीला आत जाताना गर्दी असेल, मागून रेटा असेल. तरी पायरीवर हात ठेवाल तेव्हा एक श्वास जास्त थांबा.