मुलांचा हक्क आणि दोन कायदे



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कायदा आम्ही पदवीसाठी वाचला नाही. भांडणाला गरज पडेल तसे एकेक कलम वाचत गेलो. त्यामुळे कोणताही हक्क समोर आला की तीन प्रश्न विचारण्याची आम्हाला खोड लागली आहे. तो कोणत्या कलमात आहे? त्याचा खर्च कोणाच्या माथी आहे? आणि तो मोडला तर तपासायला कोण येणार? मुलांच्या हक्काला हेच तीन प्रश्न विचारून आपण आपल्या देशाचा दीडशे वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहू.

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा कामाची वेळ सूर्य ठरवीत असे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत आणि मोठ्यांबरोबर मुलेही राबत. १८७५ साली सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. १८७८ साली सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्याचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता हे खरे. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना खुपत होते. म्हणूनच आपल्याकडील बऱ्याच देशभक्त मंडळींनीही त्याला विरोध केला. परंतु मुलाच्या बाजूने पाहणाऱ्याने हेतू बाजूला ठेवून कलम वाचावे. ते म्हणत होते : सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. सात वर्षांचे मूल आणि नऊ तास! आज ऐकून अंगावर काटा येतो. पण त्यापूर्वी तेवढाही आडोसा नव्हता.

हा कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. नव्याण्णव माणसांचा मालक मोकळा. १८९१ साली ही मर्यादा पन्नासवर आली, किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सात झाले. १९२२ साली मर्यादा वीस, वय बारा, तास सहा. १९४८ साली यंत्र असेल तर दहा माणसे, वय चौदा, तास साडेचार. कायदा असा मोठ्या कारखान्याकडून लहान कारखान्याकडे हळूहळू चालत आला; पण काम आणि मूल त्याच्या पुढेच धावत राहिले. गिरणीचा दरवाजा बंद झाला की विडीची शेड उघडी होती. १९३१ साली रॉयल कमिशनने आपल्या अहवालात लिहून ठेवले की विडीच्या धंद्यात पाच वर्षांची पोरे दिवसाला दहाबारा तास बसलेली आढळतात. आईबापांनी कर्जापोटी मूल गहाण ठेवण्याची चालही सर्रास होती. १९३३ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

कारखान्यातून काढलेल्या मुलाने जायचे कोठे? ही दुसऱ्या कायद्याची, म्हणजे शाळेच्या कायद्याची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच मातीत झाली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुले यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आदल्याच वर्षी कारखान्याच्या कायद्याने बारा हीच बालपणाची सीमा धरली होती. योग असा की फुल्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी मागत होते. एकाने शाळा मागितली, दुसऱ्याने सुटी. दोन्ही मागण्या एकाच घरातल्या होत्या. सरकारने मात्र त्या वेगवेगळ्या दप्तरांत बांधल्या.

पुढे सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व बडोदे संस्थानास लागू केला. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात नामदार गोखल्यांनी १९११ साली विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. त्याच १९११ साली त्याच कौन्सिलात नवा फॅक्टरी कायदा मात्र मंजूर झाला. कापड गिरण्यांतील मुलांचे तास सहावर आले, शाळा आली नाही. परिणाम काय झाला? मूल सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसरीत जाऊ लागले. १९२६ साली, एकाच दिवशी दोन गिरण्यांत मूल धाडणाऱ्या आईबापांना शिक्षा ठेवावी लागली. अर्धा दिवस मोकळा करून दिला, पण त्या अर्ध्या दिवसात ना शाळा होती, ना बापाच्या पगारात भर. मग दंड भरायचा तो गरिबाने!

या दोन कायद्यांची गाठ कोणी नेमकी ओळखली असेल तर ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू होती. एका सभासदाची सूचना होती की सक्ती प्राथमिक शिक्षणापुरतीच असावी. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा मुद्दा सरळ होता : चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये असे आपण दुसऱ्या कलमात म्हणतो, तर मग चौदा वर्षांपर्यंत ते शाळेत असले पाहिजे. पण त्याच दिवशी त्या कलमातले नागरिकाचा हक्क सांगणारे शब्द गळले. कारखानाबंदी मूलभूत हक्कांत गेली, शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत. दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० साली उलटली आणि पुढे बेचाळीस वर्षे तो शब्द उधार राहिला.

त्या काळात १९८६ साली बालमजुरीचा कायदा झाला. त्याने धोक्याच्या धंद्यांत बंदी केली, इतर धंद्यांत नियमन. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आपण १९९२ साली मान्य केला, पण कामाबाबतचे कलम टप्प्याटप्प्याने पाळू असे सांगून. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धोक्याच्या धंद्यात मूल ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये भरावेत आणि सरकारने त्याच्या घरातील एका मोठ्या माणसाला काम द्यावे, नाहीतर मुलामागे पाच हजार रुपये निधीत घालावेत. मोठ्याचे काम आणि लहानाची शाळा यांचा एकत्र हिशेब या निकालात झाला, म्हणून आम्हाला तो विशेष मोलाचा वाटतो. पुढे २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली शिक्षणहक्क कायदा आला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ साली चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत बंदी झाली. शाळेचे वय आणि कामबंदीचे वय कागदावर जुळायला १९४८ पासून अडुसष्ट वर्षे लागली!

कागदावर, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. २०१६ च्या कायद्याने एक फट ठेवली आहे : शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत घरच्या धंद्यात हातभार लावण्यास मुभा. आता मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबाकडे पाहा. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. मूल हिशेबात कोठेच नसते. पण वाढे गोळा करायला आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला तेच असते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेल्या या मुलाची शाळेची वेळ कोणती आणि सुटी कोणती? सरकारने हंगामी वसतिगृहे काढली ती याचसाठी. ती वेळेवर उघडली तर मूल गावात राहते. उशिरा उघडली तर ते बैलगाडीत बसून गेलेले असते.

हक्काला अशी सेवेची जोड लागते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असे शिक्षणहक्क कायद्याने सांगितले. १९७५ सालापासून अंगणवाड्या चालू आहेत. पण त्या चालविणाऱ्या सेविकेला वेतन नाही, मानधन आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ साल उजाडले, तेही न्यायालयातून. लहान मुलांचा हक्क ज्या बाईच्या खांद्यावर ठेवला, तिचाच हक्क अर्धा ठेवायचा, ही काटकसर अखेरीस मुलांनाच भोवते.

२०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची एक कोटीहून अधिक मुले काम करताना नोंदली गेली. ही नोंदलेली; घरच्या कामात लपलेली वेगळी. शिवाय शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा याच वयाला आहे. सहाच्या आतले मूल अजून मार्गदर्शक तत्त्वांतच आहे, आणि पंधराव्या वर्षी गरिबाचे मूल पुन्हा बिनधोक म्हटलेल्या कामाच्या दारात उभे असते.

तेव्हा श्रोतेहो, आमचे मागणे मोठे नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात. आपल्या पेठेतल्या शाळेत जाऊन हजेरीपट पाहायला सांगा. जे नाव पटावर आहे पण वर्गात नाही, ते कोठे गेले ते विचारा. त्याच्या बापाला मजुरी किती मिळते तेही विचारा. फुले आणि लोखंडे यांच्या दोन मागण्या सरकारी दप्तरांनी वेगळ्या केल्या. त्या पुन्हा एकत्र बांधण्याचे काम कायद्याने बरेचसे केले आहे. उरलेले हजेरीपटावर करायचे आहे, आणि ते आपल्यासारख्या गावकऱ्यांचेच आहे.